फरशी एकच, पण नक्षी पुन्हा येणे नाही!

विज्ञानाच्या बातम्या म्हटल्या की अग्निबाण, नवी औषधे किंवा दूरच्या ताऱ्यांचे वेध आपल्या डोळ्यांसमोर येतात. गणिताची बातमी क्वचितच दिसते. आणि दिसली, तरी ती आपल्यासाठी नाही असे समजून आपण पान उलटतो. मार्च २०२३ मध्ये आलेली एक बातमी मात्र कात्री आणि पुठ्ठा घेऊन कोणालाही हाताळता येईल अशी होती. डेव्हिड स्मिथ नावाच्या इंग्लंडमधील एका निवृत्त मुद्रण तंत्रज्ञाला तेरा बाजूंचा एक आकार सापडला होता, आणि त्या आकाराने गणितज्ञांच्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. तो प्रश्न कोणता, आणि उत्तर खरे कशावरून, हे आज पाहू.

प्रश्न फरसबंदीचा आहे. चौकोनी फरश्यांनी जमीन पूर्ण झाकते, हे आपण रोज पाहतो. समभुज त्रिकोणांनी आणि नियमित षटकोनांनीही झाकते. नियमित पंचकोनाने मात्र जमत नाही. त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूपाशी तीन पंचकोन ठेवले, तर ३२४ अंश भरतात आणि ३६ अंशांची फट उरते.

आता चौकोनी फरश्यांच्या जमिनीवर एक मोठा ट्रेसिंग पेपर पसरून सगळ्या रेघा गिरवल्या आहेत अशी कल्पना करा. कागद न फिरवता एक फरशीभर उजवीकडे सरकवला, तर रेघांवर रेघा तंतोतंत बसतात. अशा नक्षीला आवर्ती म्हणतात. जमीन अमर्याद असूनही कागद कितीही, कुठेही सरकवला तरी रेघा जुळत नाहीत, अशी नक्षी अनावर्ती होय.

अनावर्ती नक्षी करणे तसे अवघड नाही. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेल्या दोन-दोन विटांचे चौरस करून ते मनाला येईल तसे काही आडवे, काही उभे रचले की झाले. पण त्याच विटा नीट रचून आवर्ती नक्षीही करता येते. खरा प्रश्न असा: जिने जमीन पूर्ण झाकता येते, पण कशीही रचली तरी आवर्ती नक्षी होऊच शकत नाही, अशी फरशी असेल काय?

१९६१ साली तर्कशास्त्रज्ञ हाओ वांग यांनी असे असणार नाही, असा अंदाज केला होता. त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी १९६६ मध्ये तो अंदाज चुकीचा ठरविला. त्यांनी असा संच तयार केला, पण त्यात तब्बल २०,४२६ प्रकारच्या फरश्या होत्या! मग ही संख्या कमी करण्याची जणू शर्यतच लागली. १९७१ मध्ये राफेल रॉबिन्सन यांनी ती सहावर आणली आणि १९७४ च्या सुमारास रॉजर पेनरोज यांनी केवळ दोनवर. त्यांची एक जोडी पतंग आणि बाण या नावांनी प्रसिद्ध आहे. दोनाचे एक मात्र होईना. या न सापडणाऱ्या फरशीला गणितज्ञांनी ‘आइनस्टाइन’ असे नाव ठेवले. त्याचा थोर शास्त्रज्ञाशी संबंध नाही; जर्मन भाषेत ‘आइन श्टाइन’ म्हणजे ‘एक दगड’, एवढाच तो शब्दांचा खेळ!

स्मिथ यांना आकारांशी खेळण्याचा छंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये संगणकावर आकार जुळवता जुळवता त्यांना एक चमत्कारिक आकार मिळाला. तो तुम्हीही समजून घेऊ शकाल. नियमित षटकोन काढा आणि त्याचा मध्यबिंदू सहाही बाजूंच्या मध्यांशी जोडा. षटकोनाचे पतंगासारखे सहा चौकोन होतील. शेजारी शेजारी अनेक षटकोन काढून असेच भाग पाडले, की पतंगांचे जाळे तयार होते. त्यातील आठ पतंग विशिष्ट रीतीने जोडले की स्मिथ यांचा आकार होतो. तो डोक्यावरच्या टोपीसारखा दिसतो, म्हणून त्याचे नावच ‘टोपी’ पडले.

स्मिथ यांनी कार्डाचे बरेच तुकडे कापून टेबलावर जुळवून पाहिले. तुकडे बिनफटीचे बसत होते, पण नक्षी काही केल्या पुन्हा येत नव्हती. पण टेबलावर साठ तुकडे बसले म्हणून साठ हजार बसतील, असे म्हणता येत नाही. आणि साठ तुकड्यांत नक्षी परत आली नाही, म्हणून ती कधीच येणार नाही, असेही म्हणता येत नाही. डोळ्यांना दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. स्मिथ यांनी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ क्रेग कॅप्लन यांना कळविले. पुढे जोसेफ मायर्स आणि खाइम गुडमन-स्ट्रॉस हेही सामील झाले, आणि संगणकाची मदत घेऊन चौघांनी सिद्धता पूर्ण केली.

त्या सिद्धतेत एक अशी जागा आहे, जिथे दहावीचे गणित पुरेसे होते. टोपीची नक्षी करताना काही टोप्या उलट्या, म्हणजे आरशातील प्रतिमेसारख्या ठेवाव्या लागतात. नक्षी कशीही करा, टोप्यांचे गट पडतात. थोरल्या गटात सात सुलट्या व एक उलटी अशा आठ टोप्या असतात, तर धाकट्या गटात सहा सुलट्या व एक उलटी. हे गट मिळून त्याच धर्तीचे आणखी मोठे गट बनतात. सहा थोरले व एक धाकटा मिळून पुढचा थोरला. पाच थोरले व एक धाकटा मिळून पुढचा धाकटा. त्यांचे पुन्हा याच नियमाने आणखी मोठे गट, आणि हे असे अखंड चालते.

आता थोरल्या गटातील टोप्या मोजू. पहिल्या पायरीवर उलटी १ आणि सुलट्या ७. दुसऱ्या पायरीवर गट सात, म्हणून उलट्या ७; सुलट्या ६ × ७ + ६ = ४८. तिसऱ्या पायरीवर उलट्या ४८ आणि सुलट्या ३२९. मागच्या पायरीवरील सुलट्यांची संख्या हीच पुढच्या पायरीवर उलट्यांची! म्हणजे १, ७, ४८, ३२९ अशी माळ तयार होते. तिचा नियमही सोपा आहे: शेवटच्या संख्येची सातपट करा आणि तिच्या आधीची संख्या वजा करा. ७ × ४८ − ७ = ३२९. पुढची संख्या तुम्ही काढा. ती २२५५ यायला हवी.

गट वाढत जातील तसे सुलट्यांचे उलट्यांशी गुणोत्तर एका ठराविक संख्येजवळ जाते. तिला क्ष म्हणू. वरच्या नियमावरून क्ष = ७ − १/क्ष, म्हणजेच क्ष² − ७क्ष + १ = ०. हे वर्गसमीकरण सोडविले की क्ष = (७ + √४५)/२, म्हणजे सुमारे ६.८५४ मिळते. ४५ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून क्ष अपरिमेय आहे.

आता क्षणभर समजा, की टोपीची नक्षी आवर्ती आहे. मग जमिनीचा एक तुकडाच पुनःपुन्हा छापल्यासारखा येईल. त्या तुकड्यात सुलट्या टोप्या, समजा, प असतील आणि उलट्या फ. तेव्हा साऱ्या जमिनीवरील गुणोत्तर प/फ, म्हणजे परिमेय असायला हवे. पण ते तर अपरिमेय निघाले! म्हणून नक्षी आवर्ती असूच शकत नाही. साठ तुकड्यांनी जे सांगता येत नव्हते, ते एका समीकरणाने सांगितले.

काही चिकित्सकांनी शंका काढली, की उलटी टोपी ही दुसरीच फरशी नव्हे काय? शंका रास्त होती. चकचकीत फरशी पालथी घालून कोणी बसवत नाही. मे २०२३ मध्ये याच चौघांनी ‘भूत’ या अर्थाच्या नावाचा एक नवा आकार पुढे केला. त्याला उलटे करावेच लागत नाही.

‘याचा उपयोग काय?’ असे तुम्ही विचाराल. टोपीचा उपयोग आज सांगता येणार नाही. पण पेनरोज यांच्या फरश्याही आधी निव्वळ करमणूक वाटत होत्या. १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांच्या मिश्रधातूत अणूंची अशीच शिस्तबद्ध, पण आवर्ती नसलेली रचना आढळली. प्रथम अनेकांनी ते मानलेच नाही. २०११ मध्ये त्याच शोधासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रचनेचा विचार करायला गणिताची भाषा मात्र आधीच तयार होती.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न. समजा, वरच्या समीकरणात ४५ ऐवजी ४९ आले असते, तर क्ष परिमेय ठरला असता. मग नक्षी आवर्तीच आहे, असे म्हणता आले असते काय? उत्तर देण्याआधी मनाला येईल तशा आडव्या-उभ्या रचलेल्या विटा आठवा, आणि वर्गात यावर चर्चा करा.