यारीच्या तणाव्यावर ताण किती?

मुळामुठेच्या काठचे खराडी हे गाव आज पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. ज्या शिवारात पूर्वी पिके डोलत, तेथे आता माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. अशा इमारतींच्या बांधकामावर जो लोखंडी मनोरा लावतात, त्याच्या माथ्यावर एक लांब आडवा हात असतो आणि पाठीमागच्या आखूड बाजूस काँक्रीटचे जड ठोकळे बसविलेले असतात. ओझे पुढे उचलावयाचे, मग मागे एवढे वजन कशासाठी, असे पाहणाऱ्यास वाटेल. विहिरी खोदणाऱ्यास मात्र हे कोडे पडत नाही. त्याच्या यारीच्या मागेही दगड रचलेलेच असतात. तो मनोराही एक यारीच होय.

हे दगड किती रचावेत आणि वाशाला धरणारी तार किती मजबूत असावी, हे पुष्कळ ठिकाणी अंदाजाने ठरते. विहिरीच्या तळाशी माणसे काम करीत असतात व मुरमाची बादली त्यांच्या डोक्यांवरून वर येते, हे ध्यानी घेतल्यास हा अंदाज हिशेबाने पडताळून पाहणे किती अगत्याचे आहे, ते कळेल. हिशेब गुणाकार-भागाकाराचाच आहे.

त्याचे मूळ बैलगाडीत आहे. गाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. गाडीवान दोन पोती पुढे सरकवितो आणि गाडी ताळ्यावर येते. वजन तेवढेच राहिले. बदलले ते आसापासूनचे अंतर. वजनाला या अंतराने गुणले म्हणजे जो आकडा येतो, त्यास परिबल म्हणतात. एका बाजूस फिरविणारे परिबल दुसऱ्या बाजूच्या परिबलाइतके झाले की वस्तू स्थिर राहते. तरफेचा हा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडला. गाडीवानाला तो हाताने ठाऊक असतो.

आता यारी घेऊ. समजा, उभ्या खांबाला बिजागरीने जोडलेला आडवा वासा ४ मीटर लांब असून त्याचे वजन ६० किलो आहे. टोकाला भरलेली बादली २०० किलोची आहे. वाशाच्या टोकापासून एक तार, म्हणजे तणावा, खांबावर बिजागरीच्या ३ मीटर वर बांधला आहे. बिजागरीभोवती बादलीचे परिबल २०० गुणिले ४, म्हणजे ८००. वाशाचे वजन त्याच्या मध्यावर, २ मीटरवर, धरावयाचे, ते १२०. एकूण ९२०. (यास किलोमीटर म्हणू नये; हे किलो गुणिले मीटर आहे.)

हे ९२० एकट्या तणाव्याने तोलावयाचे आहे. येथेच चूक होते. तणाव्याचे अंतर म्हणून कोणी ३ मीटर धरतात, कोणी ४. वास्तविक बिजागरीपासून तणाव्याच्या रेषेवर काटकोनात टाकलेले अंतर धरले पाहिजे. ते काढण्यास अंगणात एका मीटरला १० सेंटिमीटर धरून आकृती आखावी, दोरी ताणावी आणि गुण्या लावून मोजावे. ते २४ सेंटिमीटर भरेल, म्हणजे २.४ मीटर. ९२० भागिले २.४ बरोबर सुमारे ३८३ किलो. बादली व वासा मिळून वजन २६० किलो, पण तणाव्यावर ताण ३८३ किलोचा!

खांब आखूड आहे म्हणून हाच तणावा बिजागरीच्या १ मीटरच वर बांधला, तर काटकोनातले अंतर जेमतेम ०.९७ मीटर उरते व ताण सुमारे ९४८ किलोवर जातो. ओझे तेच, तार तीच, आणि ताण अडीचपट. तणावा जितका निजलेला तितका ताण जास्त. यारी घेताना आधी खांबाची उंची पाहावी, इंजिन मागाहून.

हा सारा हिशेब बादली शांत लोंबकळत असतानाचा आहे. ढिली तार एकदम ताणली गेली तर ओझ्याचा जोर क्षणभर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. दुप्पट धरल्यास पहिल्या उदाहरणातला ताण सुमारे ७१७ किलो. म्हणून तुटण्याचा भार ताणाच्या पाच-सहापट असलेली तार घेतात. ओला मुरूम कोरड्याहून जड असतो, तेव्हा भरलेली बादली एकदा काट्यावर घालून पाहावी.

आता दगडांकडे वळू. खांबाच्या पुढे १ मीटरवर यारीचा पुढचा पाय आहे आणि मागे २ मीटरवर दगड आहेत, असे समजा. यारी कलंडेल ती पुढच्या पायावर. त्या पायापासून बादली ३ मीटर पुढे, वाशाचा मध्य १ मीटर पुढे. परिबल ६०० अधिक ६०, म्हणजे ६६०. दगड पायाच्या ३ मीटर मागे. तेव्हा किमान २२० किलो दगड हवेत, व झटका धरल्यास ४२० किलो. खांबाचे वजन आपल्याच बाजूचे असल्याने ते सोडून दिले तरी चालते.

परंतु मुरूम ओतण्यासाठी वासा बाजूला फिरविला की चित्र पालटते. खराडीच्या मनोऱ्यावरचे ठोकळे हाताबरोबर फिरतात. यारीचे दगड जागीच राहतात. बाजूचा पाय खांबापासून अर्ध्या मीटरवर असेल तर बादली त्याच्यापुढे साडेतीन मीटर आणि वाशाचा मध्य दीड मीटर जातो. परिबल ७९० होते आणि दगडांना तोलावयास अर्धाच मीटर मिळतो. म्हणजे झटका न धरताही १,५८० किलो दगड लागतील. एवढे कोणी रचीत नाही. यास्तव बाजूचे पाय रुंद करावेत, अथवा दोन्ही बाजूंस खांबाच्या माथ्यापासून तणावे काढून ते दूरवर जमिनीत पुरलेल्या आडव्या ओंडक्यांना बांधावेत. पावसानंतर नुसती खुंटी उपटून येते. काम सुरू करण्यापूर्वी, विहिरीत कोणी उतरलेले नसताना, भरलेली बादली हातभर उचलून वासा सावकाश दोन्ही बाजूंस फिरवावा आणि पलीकडचा पाय जमिनीवरून सुटतो काय, ते खाली वाकून पाहावे.