गोल्फ घरच्या घरी – भाग ६ : पडद्यामागची वाकय

प्रोजेक्टरचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कबूल केलं होतं, लिहायलाही बसलो होतो, पण कारंज्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि प्रोजेक्टरआधी चेंडू अडवायचं कसं हेच सांगितलं पाहिजे असं ठरवलं. त्यांच्या वावरातल्या घरी मुलासाठी क्रिकेटची जाळी बांधलेली आहे. नायलॉनची, दोन इंची घरांची, चांगली दणकट. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि जाळी रिकामी पडली. त्यांनी विचारलंय, ‘क्रिकेटचा बॉल अडवते, मग हा एवढासा बॉल का नाही अडवणार?’

नाही अडवणार. नियमानुसार गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नसतो आणि बनवणारे त्याला त्याहून फारसा मोठा करतही नाहीत. दोन इंच म्हणजे जवळजवळ ५१ मिलिमीटर. चेंडू त्या घरातून कशालाही न शिवता पलीकडे जाईल. दीड इंची जाळी असेल तर दोरा ताणून घुसेल, आणि दहा-वीस फटक्यांनंतर त्या घराची गाठ सरकेल. जाळी विकत घेताना दुकानात चेंडू सोबत न्या आणि अंगठ्याने घरात दाबून पाहा. आत शिरत असेल तर ती जाळी गोल्फची नाही. एक इंच किंवा त्याहून लहान घर हवं. महाराष्ट्रात चांगल्या जाळ्या बनतात. पुण्याची गरवारे कंपनी मासेमारीच्या जाळ्यांबरोबर खेळाच्या जाळ्याही विणते. परदेशातून जाळी मागवायची काहीच गरज नाही.

पण त्या वाचकांच्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे आणि ती बहुतेकांची असते. चेंडू लहान, म्हणजे मार कमी. हिशोब मांडू. मध्यम ताकदीच्या हौशी खेळाडूने ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, नीट लावला की चेंडू सेकंदाला ६० मीटर वेगाने निघतो, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर. वजन फार तर ४५.९३ ग्रॅम. ऊर्जा झाली ८३ ज्यूल. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १३० किलोमीटरने आला तर १०४ ज्यूल. म्हणजे क्रिकेटचा चेंडू थोडा पुढेच आहे. मात्र तो जाळीवर आदळतो त्याचा घेर मोठा. गोल्फचा चेंडू आपली ताकद त्याच्या सुमारे एक तृतीयांश जागेत ओततो. तेवढ्याच जागेपुरता विचार केला तर कापडावर पडणारा मार क्रिकेटच्या सव्वादोन पट. खिळा आणि पहार यांतला फरक लोहाराला विचारा, तो हेच सांगेल.

मला हे पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नाही. माझं सोयाबीनचं गोदाम नियमित वाचकांना आता पाठ झालंय. तिथे मी पहिला पडदा लावला तो ताडपत्रीचा. चारही बाजूंनी दोरीने ओढून, सुरकुती राहणार नाही असा ताणलेला. प्रोजेक्टरचं चित्र सुंदर उमटेल असा विचार होता, आणि खरंच सुंदर उमटलं. सात नंबरच्या आयर्नने पहिला फटका मारला आणि चेंडू परत आला. सरळ नडगीवर. आठ दिवस पायऱ्या चढता येत नव्हत्या. तरीही मी ताडपत्री आणखी ताणली, कारण ढिली असेल म्हणून चेंडू उसळला असा माझा ग्रह झाला होता. दुसरा चेंडू डोक्यावरून मागे गेला आणि ट्यूबलाइट फुटली. त्या रात्री काचा गोळा करताना डोक्यात प्रकाश पडला की मी उलट्या दिशेने चाललो आहे.

ताणलेलं कापड म्हणजे स्प्रिंग. घेतलेली ताकद ते परत करतं. आपल्याला ताकद परत नको आहे, ती कुठेतरी जिरवायची आहे. आणि जिरवायला लागते जागा. साठ मीटरचा वेग एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबवायचा म्हटला, म्हणजे कापडामागे लगेच भिंत असली, तर सरासरी जोर येतो ८४० किलोचा. तीन सेंटिमीटरमध्ये थांबवला तर २८० किलो, पावणेतीन क्विंटलच्या वर. तीस सेंटिमीटरमध्ये थांबवला तर फक्त २८. चेंडू तोच, फटका तोच. थांबायला फूटभर जागा मिळाली की जोर तिसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून भिंत आणि पडदा यांच्यात निदान एक फूट मोकळं ठेवा, जमलं तर दीड. खोली लहान असेल आणि कुठे तरी फूटभर कापायचंच असेल, तर ते इथे कापू नका.

आता पडद्याचं कापड. फ्लेक्स वापरू का, असं रिसोड आणि मालेगावकडून बऱ्याच जणांनी विचारलंय. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स आपल्या जिल्ह्यात फुकट मिळतात, हे मान्य. पण फ्लेक्सला एकदा छेद गेला की तो सरळ रेषेत फाटत जातो, उन्हाळ्यानंतर कडक होतो, आणि आवाज इतका की गल्ली जागी होते. शेडनेट मी स्वतः दोन पदरी करून लावून पाहिली. वेजच्या, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड क्लबच्या, हलक्या फटक्यांना महिनाभर टिकली, मग एकाच ठिकाणी झिजून भोक पडलं. ते भोक ड्रायव्हरने नव्हे, वेजने पाडलं होतं, आणि याचं कारण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ड्रायव्हरच्या फटक्यात चेंडू मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा फिरतो. वेजच्या पूर्ण फटक्यात नऊ हजारांच्या घरात. नऊ हजार म्हणजे सेकंदाला १५० फेरे, आणि चेंडूचा परीघ १३.४ सेंटिमीटर. म्हणजे कापडाला टेकतो त्या क्षणी चेंडूची पाठ ताशी ७२ किलोमीटरने घासत असते. शिवाय वेजच्या खाचांनी चेंडूची साल उसवलेली असते, ती कानसेसारखी काम करते. ड्रायव्हर कापडाला ढकलतो, वेज कापडाला खरवडतो. तेव्हा खडबडीत झालेले चेंडू घरात वापरू नका, आणि बाहेर खेळलेला चेंडू धुऊन पुसूनच आत आणा. आपल्या काळ्या मातीचा एक कण पडद्याला किती भारी पडतो ते मी पाहिलं आहे.

शेवटी मी अकोल्याच्या कापडबाजारातून जाड, दुहेरी विणीचं पांढरं पॉलिस्टर मीटरने आणलं. ताडपत्रीवाल्याकडून कडेला पितळी आयलेट ठोकून घेतल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांनी पडदा पाइपला टांगला. वरून घट्ट, बाजूंनी सैल, खालून जवळजवळ मोकळा. चित्रात थोड्या सुरकुत्या येतात. येऊ द्या.

आणि त्याच्या मागे वाकय.

गोधडी, वाकळ काहीही म्हणा, वऱ्हाडात आम्ही वाकय म्हणतो. पडदा चेंडूचा वेग कमी करतो, पण त्याला पुरतं थांबवते ती पडद्यामागची वाकय. परदेशात लोक यासाठी सामान हलवताना वापरतात त्या जाड चादरी किंवा धनुर्विद्येच्या मैदानावरची बाण अडवणारी जाळी टांगतात. मी दोन्ही प्रकारांबद्दल खूप वाचलं, आणि माझं ठाम मत आहे की आपली हातशिवणीची वाकय या कामाला उत्तम आहे. कारण तिच्या बांधणीत आहे.

चेंडू वाकयीवर आदळतो तेव्हा वाकयीचा तेवढा भाग चेंडूबरोबर चालू लागतो. समजा एक किलोचं कापड हललं. चेंडूचा संवेग आता त्या किलोभराने वाटून घेतला, तर दोघं मिळून सेकंदाला पावणेतीन मीटरपेक्षाही कमी वेगाने सरकतात. त्र्याऐंशी ज्यूलपैकी चार ज्यूलसुद्धा हालचालीत उरत नाहीत. बाकीची ऊर्जा कुठे गेली? थरांच्या घासण्यात. वाकयीत जुनी लुगडी, धोतरं, चादरी अशा चार-पाच थरांना धावदोरा घातलेला असतो. तो थरांना धरून ठेवतो, पण जखडत नाही. प्रत्येक थर शेजारच्यावर किंचित सरकतो आणि त्या सरकण्यात चेंडूची मस्ती जिरते. मशीनवर चौकटी मारलेली बाजारची रजई मी लावून पाहिली. आत कापूस, वर चकचकीत कापड, शिवण पक्की. ती हलकी पडली आणि दोन महिन्यांत शिवणीवर उसवली. सुताचं वजन आणि हाताचा सैल टाका, दोन्ही तिच्यात नव्हतं.

वाकय मागायला मी मावशीकडे गेलो होतो. घडवंचीवर एक सुरेख जुनी वाकय होती, तिच्यावर माझा डोळा. मावशी म्हणाली, “बापा, पांघरायची वाकय भितीले टांगतं का रे? तिच्यात तुह्या आजीचं लुगडं हाये.” मी हात मागे घेतला. मग तिनेच माळ्यावरून दोन काढून दिल्या. “वावरात जागलीले नेत होतो, ते घेऊन जाय.” जागलीच्या वाकया म्हणजे जाड, खरखरीत, थंडीत रात्रभर माणसाला सांभाळणाऱ्या. गेली चार वर्षं त्या माझे चेंडू झेलताहेत. तुमच्या घरातही अशी एखादी असेल. मात्र आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, कुठल्या वाकयीत कोणाचं लुगडं आहे ते तिलाच माहीत असतं.

टांगताना वाकय सपाट लावू नका. जागेच्या दीडपट रुंदीची घेऊन चुण्या पडू द्या आणि खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवा. कड जमिनीला टेकली तर ती अडून ताठ होते आणि पुन्हा स्प्रिंगचं काम सुरू. पडदा आणि वाकय यांच्यात चार बोटं, वाकय आणि भिंत यांच्यात फूटभर.

मंगरुळपीरच्या एका ताईंनी सुचवलंय की एवढ्या खटाटोपाऐवजी पोकळ प्लास्टिकचा चेंडू वापरावा. मुंबईत चेंबूरला १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतली पोरं लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि बोळांमधून, पत्र्यांच्या मधून प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळतात. चेंडू थांबवायचा प्रश्न त्यांनी चेंडूतच सोडवला. हातावरचा ताबा काय असतो तो त्या पोरांकडून शिकावा, आणि नुसता स्विंग घोटायचा असेल तर ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण सिम्युलेटरला ते चालत नाही. तिसऱ्या भागात पाहिलं तसं, आपल्या बजेटचा रडार चेंडूच्या मागे सहा-आठ फुटांवर बसतो आणि पुढचं आठेक फूट उड्डाण पाहतो. उरलेले दीड-दोनशे मीटर तो गणिताने काढतो, आणि त्या गणितात खऱ्या चेंडूचं वजन आणि खऱ्या खळग्या धरलेल्या असतात. पोकळ चेंडू हवेत लगेच मंदावतो. रडार जे दाखवेल त्यावर विसंबून तुम्ही कामठीच्या किंवा येरवड्याच्या मैदानावर उभे राहिलात, तर क्लबची निवड पार चुकेल.

रडारला पहिले आठेक फूटच लागतात, म्हणून लोक पडद्यावर पैसे आणि डोकं खर्च करत नाहीत, हे मला कळतं. रडारचं काम चेंडू पडद्याला लागण्याआधीच संपलेलं असतं. आकडे पडद्यावर अवलंबून नाहीत. पण परत येणाऱ्या चेंडूची भीती एकदा अंगात बसली की स्विंगमध्ये खांदा आखडतो, डोकं लवकर वर येतं, आणि ते आकड्यांत बरोबर दिसतं. मला ताडपत्रीच्या दिवसांत लागलेली सवय मोडायला अख्खा पावसाळा गेला. म्हणून सांगतो, हातात पैसे थोडे असतील तर रडार सहा महिने उशिरा घ्या. आधी जाळी, पडदा आणि वाकय लावून नुसते चेंडू मारा.

पाइपचं राहिलं. चौकटीचा लोखंडी पाइप ही सगळ्या खोलीतली सर्वांत धोक्याची वस्तू. पडदा सांगितला तसा सैल लावला तर चेंडू फार तर लोळत परत येतो. पाइपला लागलेला चेंडू गोळीसारखा येतो. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम मोठ्या मापात मिळतो, तो पूर्ण चौकटीवर चढवा आणि पडद्याची कड पाइपच्या पुढे आणा, मागे नको. उजव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताने खेळणारा पडद्याकडे तोंड करून उभा राहिला तर त्याच्या उजवीकडे, जाळी चेंडूच्या जागेपर्यंत पुढे ओढून आणा. क्लबच्या मानेला लागलेला चेंडू, ज्याला शँक म्हणतात, तिरपा उजवीकडे उडतो आणि तो नेमका पडदा चुकवतो. घरात पाहुणे बघायला उभे असले तर त्यांना तुमच्या मागे, रडारच्याही मागे उभं करा. लहान मुलं खोलीत असताना फटका मारू नका.

वाकयीला पावसाळ्यात ओल धरते आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात आलं की उंदीर. दर पंधरवड्याला उन्हात टाकतो. उंदरांसाठी घड्यांत कडुनिंबाचा पाला ठेवून पाहिला, पण त्याचा भरवसा वाटत नाही; खालची कड वीतभर वर ठेवल्यापासून मात्र कुरतडणं थांबलं आहे. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टर नक्की. तोवर गोदामात किंवा खोलीत दुपारी तीन वाजता किती तापतं ते थर्मामीटर टांगून लिहून ठेवा. पत्र्याखाली मे महिन्यात कुठला प्रोजेक्टर तग धरेल, ते त्या आकड्यावरूनच ठरवायचं आहे.