टाकी भरलेली, काटा मात्र खाली

आकुर्डीत बनलेली बजाज टेम्पोची मॅटाडोर कुणी अजून जपली असेल, तर डिझेलच्या काट्यावर तिने भरवसा ठेवू दिला नसेल. नशिराबादजवळ, भर महामार्गावर डिझेल संपलं तर नुसतं कॅन ओतून भागत नाही. पाइपात शिरलेली हवा हातपंपाने काढत बसावं लागतं.

काटा बिघडला की लोक आधी डॅशबोर्डचा मीटर बदलतात. दोष बहुधा टाकीतच असतो. तिथे फ्लोट डिझेलबरोबर वरखाली होतो, त्याची दांडी बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकते, त्यामुळे विजेचा रोध बदलतो आणि काटा हलतो.

चावी फिरवून टाकीवरची वायर काढा, क्षणभर चासीला टेकवा. (पेट्रोलच्या गाडीत हे टाकीपासून लांबच, ठिणगी उडते.) काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सावकाश गेला, तर मीटर आणि वायर ठीक. मग टाकीचं अर्थिंग पाहा. गंज किंवा नवा रंग अर्थिंग तोडतो. पॉलिश पेपरने घासलं की पुष्कळदा काम होतं. नाहीच झालं, तर फ्लोट बाहेर काढून हलवा. आत डिझेल डुचमळलं, तर तो फुटलाय. इंजिनाच्या तापमानाचा काटाही सोबत चुकत असेल, तर मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा.