मोबाइल ऐकतो का, आणि इतर समजुती

घरात कुणी ‘यंदा फ्रिज बदलायला हवा’ म्हणालं आणि रात्री मोबाइलवर फ्रिजच्या जाहिराती दिसू लागल्या, की निष्कर्ष ठरलेला असतो: हा मोबाइल आपलं बोलणं चोरून ऐकतो. मग कुणी मायक्रोफोनच्या भोकावर चिकटपट्टी लावतं, कुणी खासगी बोलताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून येतं.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरच्या १७ हजारांहून अधिक ॲपचा अभ्यास केला. गुपचूप मायक्रोफोन सुरू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच. एक ॲप वापरणाऱ्याच्या नकळत स्क्रीनवरच्या हालचालींचं चित्रीकरण तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होतं. म्हणजे संशय अगदीच निराधार नव्हता, फक्त तो कानावर होता आणि पाळत डोळ्यांनी चालली होती.

मग फ्रिज कळला कसा? बहुधा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच वायफायवरून किमती पाहिलेल्या असतात, किंवा आपणच आठवड्यापूर्वी शोध घेऊन विसरलेलो असतो. प्रत्येक मोबाइलला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो. वेगवेगळी ॲप आपापली माहिती त्या एका क्रमांकाखाली जमा करतात आणि त्यात स्थान, वेळ, खरेदी सगळं जुळत जातं. याच्या तुलनेत चोरून ऐकणं हा महागडा आणि गैरसोयीचा मार्ग आहे. अँड्रॉइड १२ पासून प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्स’खाली हा क्रमांक पुसता येतो, आयफोनवर ‘ट्रॅकिंग’ बंद करता येतं. मायक्रोफोन सुरू असेल तर अँड्रॉइडवर हिरवा आणि आयफोनवर नारिंगी ठिपका वर दिसतो. चिकटपट्टीपेक्षा त्या ठिपक्याकडे लक्ष ठेवणं बरं.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीबद्दल थोडक्यात. ती खिडकी बंद केल्यावर शोधाचा इतिहास आपल्याच यंत्रावर राहत नाही, एवढंच तिचं काम. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, कार्यालयाच्या नेटवर्कला आणि संकेतस्थळाला आपण दिसतोच. तिथे आपण कुणालाच दिसत नाही, या गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोड म्हणून अब्जावधी नोंदी नष्ट करायला कंपनी राजी झाली.

व्हॉट्सॲपबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, ‘ते सगळं वाचतात’. दुसरं, ‘एन्क्रिप्शन आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही’. एप्रिल २०१६ पासून संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांनाच वाचता येईल अशा रीतीने कुलूपबंद होऊन जातात, हे खरं. आपण कुणाशी, केव्हा, किती वेळा बोललो हे मात्र त्या कुलपात येत नाही. बॅकअपही येत नाही. गुगलच्या किंवा ॲपलच्या खात्यात रोज रात्री जाणाऱ्या प्रतीला हे संरक्षण आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय मिळत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ही सोय आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तिथे ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. पासवर्ड विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही, तेव्हा तो वहीत लिहून कपाटात ठेवा. ‘पासवर्ड कधीही लिहू नये’ हासुद्धा एक जुना गैरसमजच. आपलं खातं फोडू पाहणारा चोर सहसा घरात शिरत नाही. अर्थात समोरच्याने स्वतःचा बॅकअप उघडा ठेवला असेल, तर तुमचे त्याला गेलेले संदेश तिथे तसेच पडलेले असतात, आणि त्यावर तुमचा काही इलाज नाही.

त्याहून साधी गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. प्रिंट काढायला दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडायचं, आधार कार्डाची प्रत घ्यायची आणि घाईत तसंच निघून यायचं. पूर्वी मोबाइल बंद असला की ते चालायचं नाही. आता मोबाइल बंद असला तरी जोडलेला संगणक संदेश घेत राहतो. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी आत्ता उघडून पाहा. अनोळखी यंत्र दिसलं तर तिथूनच लॉगआउट करता येतं.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे संकेतस्थळ खरं, ही समजूत इतकी पसरली की गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कुणी वाचत नाही. पाकीट सीलबंद आहे म्हणून पाठवणारा सज्जन ठरत नाही. भारतातल्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आणला आहे. पत्त्यात ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते वाचायची सवय कुलपापेक्षा उपयोगाची.

व्हीपीएन घेतलं की आपण अदृश्य होतो, असं जाहिराती सांगतात. प्रत्यक्षात आपला विश्वास इंटरनेट कंपनीवरून उठून व्हीपीएन कंपनीवर बसतो, एवढाच फरक. ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्यात, असा आदेश सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०२२ मध्ये दिला, तेव्हा अनेक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएनच्या वाटेला तर जाऊच नये.

आता खरी भीती. ‘नुसती लिंक उघडली आणि खातं रिकामं झालं’ असं लोक सांगतात. तसं घडणं अशक्य नाही. २०१९ मध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या कॉलमधून, कॉल न उचलताही, मोबाइलमध्ये शिरत होतं आणि त्याच्या लक्ष्यांमध्ये भारतातले पत्रकार आणि कार्यकर्ते होते. पण ते हत्यार महागडं, निवडक माणसांवर वापरलं जाणारं. तुमच्याआमच्याकडे येते ती लग्नपत्रिका, नाहीतर आरटीओचं चलान, नाहीतर पीएम किसानचा हप्ता, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’. पत्रिका कधीच एपीके नसते. ते ॲप आहे. ते आपोआप बसत नाही. आधी ‘अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल’ला आपण होकार देतो, मग एसएमएस वाचायला, आणि शेवटी ‘ॲक्सेसिबिलिटी’ला. ही शेवटची परवानगी दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲपसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं पाहू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. लुटीआधी आपण दोन-तीनदा ‘अलाउ’ दाबलेलं असतं, हे कटू असलं तरी दिलासादायकही आहे, कारण ते थांबवणं आपल्या हातात आहे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता असते.

‘फिंगरप्रिंट लावलंय, मोबाइल चोरीला गेला तरी चिंता नाही’ हेही अर्धवट. ते कुलूप मोबाइलचं आहे, सिमकार्डाचं नाही. चोर कार्ड काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येऊ लागतात. यावर जुना, फुकट आणि जवळपास कुणीच न वापरलेला उपाय म्हणजे खुद्द कार्डाला लावायचं कुलूप, सिम पिन. तो लावताना आधी कंपनीने दिलेला मूळ पिन विचारला जातो. अंदाजाने टाकू नका, तीन चुकांनंतर पीयूके क्रमांक मागितला जातो. मोबाइल गेलाच तर नंबर बंद करा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (यंत्राचा क्रमांक) नोंदवून तो मोबाइलही देशभर बंद पाडा.

‘अपडेट केलं की मोबाइल मंद होतो’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे. बॅटरी जुन्या झालेल्या आयफोनचा वेग आपण कमी केल्याचं ॲपलने २०१७ मध्ये मान्य केलं होतं. पण त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजमधल्या एका भगदाडातून शिरून ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणक बंद पाडले, तेव्हा ते भगदाड बुजवणारं अपडेट येऊन दोन महिने झाले होते. पाठोपाठ जूनमध्ये, तेच भगदाड वापरणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरमुळे न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरात असा संगणक असेल तर निदान बँकेची कामं त्यावर करू नयेत.

‘रीसेट केलं तरी फोटो परत काढता येतात’ म्हणून काही जण जुना मोबाइल विकण्याऐवजी ड्रॉवरमध्येच कुजवतात. अँड्रॉइड १० सह आलेल्या मोबाइलमध्ये आणि आयफोनमध्ये साठवण मुळातच एन्क्रिप्ट केलेली असते. फॅक्टरी रीसेट केल्यावर तिची किल्ली नष्ट होते आणि उरलेल्या मजकुराचा अर्थ लावता येत नाही. मेमरी कार्डाचं मात्र तसं नसतं. ते आणि सिमकार्ड दुकानात जाण्याआधी घरीच काढून घ्यावं.