आयव्ही : आधार भिंतीचा, अन्न मातीचे

दुसऱ्याच्या अंगावर चढणाऱ्या वेलीला आपण चटकन परोपजीवी म्हणून मोकळे होतो. बांडगुळाला ते नाव शोभते. ते आंब्याच्या फांदीत मुळे घुसवून तिचा रस पितं. आयव्हीची रीत वेगळी आहे. तिच्या खोडाला बारीक मुळांचे झुपके फुटतात आणि त्यांच्या चिकट द्रवाने ती भिंत धरून ठेवते. पोट मात्र ती जमिनीतल्या मुळांवरच भरते. हे ध्यानात घेतले, की तिची निगा सोपी होते.

आयव्ही मूळची युरोपातली. शास्त्रीय नाव हेडेरा हेलिक्स. तिची एक बहीण, हेडेरा नेपालेन्सिस, आपल्या हिमालयात वाढते. जात थंड हवेची. त्यामुळे महाबळेश्वरला ती सुखाने राहील, नागपूरच्या मे महिन्यात मात्र तिला जपावे लागेल. गावोगावच्या उन्हाळ्यात तिला कुंडीतच ठेवावे, म्हणजे सावलीत हलवता येते. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको. पांढऱ्या कडांच्या पानांना उजेड थोडा जास्त लागतो. अंधारात ती हिरवी होऊ लागतात.

कुंडीच्या तळाला भोक हवेच. बागेची माती, कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू असे भुसभुशीत मिश्रण भरावे. बोट खुपसून पाहावे, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. घरातली आयव्ही तहानेपेक्षा आपल्या मायेनेच जास्त मरते. रोजच्या पाण्याने मुळे कुजतात. कोरड्या उकाड्यात पानांवर फिकट बारीक ठिपके दिसले, तर लाल कोळी आला समजावे आणि पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी. नवे रोप हवे असेल, तर पावसाळ्यात वीतभर फांदी घेऊन तिची एक-दोन पेरे ओल्या मातीत खोचावीत.

भिंतीवर चढवण्याआधी भिंत पाहावी. गिलावा पक्का असेल तर चिंता नाही. भेगा असतील तर मुळे त्यांत शिरून त्या रुंदावतात. आपल्याकडे भिंतींना चिकटलेली लहान पानांची वेल पुष्कळदा आयव्ही नसतेच. ती असते फायकस प्युमिला, वड-पिंपळाच्या कुळातली.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. आयव्हीची पाने आणि फळे विषारी आहेत, म्हणून रांगत्या मुलांपासून व मांजरा-कुत्र्यांपासून कुंडी उंच ठेवावी. तिच्या रसाने काहींच्या अंगावर पुरळ उठते, तेव्हा छाटताना हातमोजे घालावेत. थंड प्रदेशात ती मोकळी सोडणेही बरे नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात तिने जंगले व्यापली, तेव्हा २०१० साली तिच्या विक्रीवर बंदी आली.

आणखी एक गंमत. आपण पाहतो ती कोनदार पाने आयव्हीच्या बालपणाची. उंच चढून भरपूर उजेडात पोचलेली जुनी वेल साधी, अखंड पाने धरते आणि मगच फुलते. कुंडीतली आयव्ही बहुधा तिथवर पोचत नाही. तिच्याकडून फुलांची अपेक्षा धरू नये. पानांवरच समाधान मानावे.