पाचटाच्या पांघरुणाखाली

कसबा बावड्यात ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की बोलणं लाईन बाजारच्या डेपोवर येतंच. कोल्हापूर शहराचा कचरा वर्षानुवर्षं इथे येऊन पडला आणि त्याचा डोंगर झाला. जयंती नाल्यातून उपसलेलं सांडपाणी शुद्ध करणारं, दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्रही बावड्यातच आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला तो लक्ष्मी-विलास पॅलेस ज्या बावड्यात, त्याच बावड्याच्या वाट्याला सगळ्या शहराची घाण यावी, ही सल इथल्या माणसांच्या मनातून जात नाही. जाऊही नये. म्हणून भाजीची देठं, साली, चहाचा चोथा कचऱ्याच्या टिपरमध्ये न टाकता परड्यातच जिरवणाऱ्या घरांबद्दल मला फार आदर आहे. आमच्या आत्याचं घर त्यांतलं एक.

तिच्या परड्यात मोरीच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या सावलीत, चार विटांवर एक जुना प्लॅस्टिकचा टब आहे. तळाला आणि बाजूंना तापलेल्या सळईनं पाडलेली भोकं. आत तळाशी विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, त्यावर ओलं केलेलं उसाचं पाचट, मग जुनं, थंड झालेलं शेण आणि त्यात गांडुळं. सगळ्यात वर ओलं बारदान. ताजं शेण ती घालत नाही. ते आतून तापतं आणि त्या उष्णतेनं गांडुळं मरतात. उकिरडा तापला पाहिजे आणि गांडुळांचा टब गार राहिला पाहिजे, एवढा फरक कळला की निम्मं काम झालं.

संध्याकाळी बारदान उचललं की उजेडाला घाबरून तांबूस दोऱ्यांची एकच पळापळ होते. क्षणात सगळी खाली. ‘‘हात घाल की. चावत न्हाई ती,’’ आत्या म्हणते. हात घातला तर आतला माल गार, भुसभुशीत लागतो आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. मूठभर माल घेऊन दाबायचा. बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. गांडूळ श्वास कातडीनं घेतं आणि त्यासाठी ती कातडी ओली राहावी लागते. म्हणून कोरडेपणा त्याला मारतो. आणि पाणी साचून हवा कोंडली तरी ते मरतंच.

आता मुख्य गोष्ट. गांडुळं साली खातात असं आपण सर्रास म्हणतो. टबाजवळ थोडा वेळ बसलं की वेगळंच दिसतं. गांडुळाला दात नसतात. बटाट्याची ताजी साल टाकली तर गांडुळं तिच्याकडे फिरकतही नाहीत. केळीची साल पहिल्यांदा पिवळीच असते, मग काळी पडते, मग आतल्या बाजूनं बुळबुळीत होते, आणि तेव्हा कुठे त्या आतल्या बाजूला गांडुळांचा झुबका जमतो. सालीवर आधी जिवाणू आणि बुरशी बसतात, ती मऊ करतात, आणि त्या मऊ झालेल्या भागासकट त्या सूक्ष्म जीवांनाच गांडूळ गिळतं. पोटातल्या पेषणीत वाळूचे बारीक कण असतात, त्यांवर ते रगडलं जातं. म्हणजे गांडुळं पाळणाऱ्याला खरं तर कुजणं सांभाळावं लागतं. कुजणं चांगलं चाललं की गांडुळं आपली आपण वाढतात.

आणि चांगलं कुजणं हवेवर अवलंबून असतं. स्वयंपाकघरातला कचरा नुसताच टाकत गेलं तर तो पाणी सोडतो, दबतो, आतली हवा संपते, आंबूस घाण वास सुटतो, चिलटं होतात. लोक गांडुळखत सोडून देतात ते बहुतेक याच टप्प्यावर. उपाय आहे तो कोरड्या मालाचा. मूठभर ओलं टाकलं की त्यावर तेवढंच किंवा जास्त पाचट, वाळला पाला, पुठ्ठ्याचे तुकडे. शेजारच्या वहिनी विचारायला येतात तेव्हा आत्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘‘वास मारतोय म्हंजे पाचट कमी पडलंय. आणखी दोन मुठी टाक बघ.’’

बावड्याला या मालाची काय ददात! राजाराम साखर कारखाना इथेच, आसपास उसाचे फड, रसवंतीच्या दारात चिपाडांचा ढीग. तरीही तोडणीनंतर कितीतरी रानांत पाचट पेटवलं जातं. एका बाजूला पाचटाचा धूर आणि दुसऱ्या बाजूला ओल्या कचऱ्याची दुर्गंधी. ही दोन्ही एका टबात एकत्र आली की खत होतं, हे मला दर वेळी नव्यानं पटतं.

कोल्हापुरात हे सांगणारा माणूस होऊन गेला. प्रा. श्री. अ. दाभोळकर गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवार’ त्यांनी उभा केला. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करायचा, नोंदी ठेवायच्या, त्या इतरांना कळवायच्या, ही त्याची रीत. ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे त्यांचं पुस्तक १९९८ सालचं. घरातला कचरा आणि पालापाचोळा यांतून गच्चीवर भाजी पिकवता येते, हे ते हिशेबानं मांडत. त्यांच्याच विचारावरून मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या आणि फळझाडं वाढवली. ज्या शहरातून हा विचार गेला, त्या शहरात तो घराघरांत दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

टब सुरू करायचा तर एक ध्यानात ठेवावं: रानातलं कोणतंही गांडूळ आणून टबात सोडलं तर ते टिकत नाही. जमिनीत खोल बिळं करणारी जात वेगळी, कुजक्या पाल्याच्या थरात राहणारी वेगळी. टबाला दुसरी लागते. घरोघरी बहुधा आयसेनिया फेटिडा असते, अंगावर आडवे पट्टे असलेली. किलोभर गांडुळं रोज साधारण अर्धा किलो कचरा संपवतात. सुरुवातीला त्यांना भीत भीतच खायला घालावं. आधीचं दिसेनासं झालं की पुढचं. लिंबाच्या साली, लसूण, मिरच्या कमी. मीठ-तेलाचं उष्टं, लोणचं, रस्सा, मटणाची हाडं अजिबात नाहीत. अंड्याची टरफलं वाळवून कुटून घालावीत, नाहीतर तशीच वर येत राहतात. मुंग्या झाल्या तर माल कोरडा पडला असं समजावं. विटा पाण्याच्या वाट्यांत ठेवल्या की मुंग्या चढतही नाहीत.

टबाची जागाही बघून ठरवावी. डार्विननं गांडुळांवरचं पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध केलं, मृत्यूच्या आदल्या वर्षी. त्यानं ती कुंड्यांत घालून घरात ठेवली होती. पियानोच्या आवाजाकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, पण कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला तशी ती बिळात पळाली. आवाज त्यांना कळत नाही, हादरा कळतो. टब वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नये, ते याच कारणानं.

पावसाळा मात्र अवघड. बावड्यात नदीचं पाणी कुठवर आलं हे राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत मोजतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. नदी इशाऱ्याजवळ आली की आत्या धान्याच्या पोत्यांबरोबर टबही जिन्यावर चढवते. पूर नसला तरी सततच्या झडीत गांडुळं भोकांतून बाहेर पडून भिंतीवर चढतात. तेव्हा वर पत्रा पुढे ओढायचा आणि आत कोरडं पाचट भरायचं. मार्चनंतर उलट काम, बारदान सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. माल ३५ अंशांच्या पुढे तापला की गांडुळं तग धरत नाहीत.

खत तयार झालं की चहाच्या भुकटीसारखं काळसर, दाणेदार दिसतं आणि मूळ साल कुठली ते ओळखता येत नाही. काढायच्या आधी काही दिवस पाणी बंद. मग उजेडात प्लॅस्टिकच्या कागदावर छोटे ढीग घालायचे. गांडुळं उजेड टाळत तळाला जातात. वरचा थर हातानं काढून घ्यायचा, थोडं थांबायचं, पुन्हा काढायचा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो नव्या पाचटात सोडायचा. चाळणीवर राहतात आंब्याच्या कोया, शेंड्यांचे धागे आणि मोहरीपेक्षा जरासे मोठे, दोन्ही टोकांना निमुळते पिवळसर कोश. ते फेकायचे नाहीत. एकेका कोशातून साधारण तीन आठवड्यांनी दोन-चार पिल्लं निघतात, म्हणून चाळणीवरचं सगळं परत टबात जातं. चाळलेलं खत आत्या कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या बुडाशी मूठमूठ घालते, वर मातीचा पातळ थर देते. उरलेलं पिशवीत भरून शेजारच्या वहिनींकडे पाठवते, आणि सोबत नव्या टबासाठी ओंजळभर गांडुळं.