पाणबुड्याचा मृत्यु आणि त्याचीं कारणें

पाठीवर हवेची टांकी बांधून समुद्रांत उतरलेला मनुष्य मरण पावला म्हणजे सरकारी कागदावर बहुधा एकच कारण नोंदलें जातें: पाण्यांत बुडून मृत्यु. हें कारण खोटें नसतें. परंतु त्यापासून कोणास कांहीं शिकतां येत नाहीं. पाण्याखालीं श्वास घेतां यावा म्हणूनच घडविलेलें साधन जवळ असतांना मनुष्य बुडतो कसा, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शेवटच्या क्षणांत क्वचितच सांपडतें. तें शोधावयास वीस-पंचवीस मिनिटें मागें, प्रसंगीं किनाऱ्यावरील तयारीपर्यंत जावें लागतें.

अमेरिकेंतील ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनीं १९९२ ते २००३ या काळांत हौशी पाणबुड्यांचे जे ९४७ मृत्यु नोंदले गेले, त्यांची अशीच उलट दिशेनें छाननी केली व ती २००८ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक मृत्यूचे त्यांनीं चार दुवे मानले: गडबडीस आरंभ कशानें झाला, तींतून कोणती घातक कृति वा अवस्था उद्भवली, तिनें शरीरास कोणती इजा केली, आणि अखेर प्राण कशानें गेला. शेवटचा दुवा पाहावा तर शेंकडा सुमारें ७० जण बुडालेले. पहिला दुवा मात्र, जेथें तो कळूं शकला तेथें, निराळेंच सांगतो: शेंकडा ४१ जणांची हवा संपली होती किंवा संपत आली होती.

हवा संपणें हा अपघात वाटतो, पण तो साध्या अंकगणिताचा प्रश्न आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तीस मीटरांवर चौपट. छाती तेवढीच भरते, परंतु तींत जाणारी हवा चौपट दाट असते. बारा लिटरांच्या टांकींत नेहमींच्या दाबानें सुमारें २४०० लिटर हवा कोंडलेली असते. मिनिटास वीस लिटर हवा घेणाऱ्यास ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, तीस मीटरांवर अर्धा तास. आणि भीतीनें श्वास दुप्पट झाला तर केवळ पाव तास. दाबाचा काटा डोळ्यांसमोर असूनहि तो वेळेवर पाहिला जात नाहीं, हीच या बहुतेक कथांची सुरुवात.

हवा खुंटली कीं मनुष्य वर झेपावतो आणि उपजत बुद्धीनें छाती कोंडून धरतो. येथें बॉइलचा नियम आडवा येतो. वर येतांना दाब घटतो आणि कोंडलेली हवा फुगूं लागते. दीड-दोन मीटरांचा चढहि फुप्फुस फाटण्यास पुरतो. मग हवेचे बुडबुडे रक्तांतून मेंदूकडे जातात. वर पोंचलेला मनुष्यहि बेशुद्ध होऊन पुन्हां खालीं जातो, तो याच कारणानें. कित्येकांच्या प्रेतांवर शिशाचा पट्टा जसाच्या तसा कमरेस असतो. एका हिसक्यानें सुटणारा हा पट्टा सोडण्याचें भानहि उरलेलें नसतें.

खोलीचा धडा याहून जुना आहे. कूस्तो व गान्यां यांनीं १९४३ सालीं फ्रान्समध्यें हें साधन सिद्ध केल्यावर चारच वर्षांनीं, सप्टेंबर १९४७ मध्यें, कूस्तोचा सहकारी मॉरिस फार्ग तूलाँजवळ विक्रमी खोली गांठण्यास उतरला. दोराला ठराविक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या. त्याला वर ओढलें तेव्हां तोंडांतली नळी छातीवर लोंबत होती, आणि १२० मीटरांवरील पाटीवर त्याची सही होती. हात लिहूं शकत होता, पण दाबाखालच्या नत्रवायूच्या धुंदीनें बुद्धि केव्हांच मंदावली होती. त्यानंतर कूस्तोच्या मंडळींनीं साध्या हवेवरील बुडीची अखेरची मर्यादा सुमारें ९० मीटर ठरविली. आज हौशी पाणबुड्यांस ४० मीटरांपलीकडे जाऊं नये असें सांगतात.

परंतु मृत्यूंपासून पद्धतशीर शिक्षण घेतलें तें फ्लॉरिडांतील गुहांत. तेथील चुनखडीच्या झऱ्यांचें नितळ पाणी शिकाऊ लोकांस भुरळ घाली. पायाच्या एका फटकाऱ्यानें गाळ उठे, दिवा निरुपयोगी होई, आणि डोक्यावर मोकळ्या आकाशाऐवजीं दगडाचें छत असे. शेक एक्स्ली या गणिताच्या शिक्षकानें अशा मृत्यूंचीं प्रकरणें एकत्र करून १९७९ सालीं एक छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत वारंवार तीन चुका आढळल्या: प्रवेशद्वारापासून अखंड दोरी न लावणें, परतीसाठीं दोन तृतीयांश हवा न राखणें, आणि आपल्या शिक्षणापलीकडे खोल जाणें. आंत जावयास एक तृतीयांश, परत येण्यास तेवढीच, आणि उरलेली जोडीदाराची टांकी निकामी झाली तर त्याच्यासाठीं, असा तो हिशेब. मृतांत मोकळ्या समुद्रांत इतरांस शिकविणारेहि होते, ही बाब विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांचें कौशल्य खरें होतें, पण तें छताखालचें नव्हतें.

एक्स्लीचाच अंत ६ एप्रिल १९९४ रोजीं मेक्सिकोंतील साकातोन या अतिखोल विवरांत झाला. अडीचशे मीटरांहून खोल गेलेल्या त्या पुरुषाचें शव कांहीं दिवसांनीं सांपडलें तेव्हां दोर त्याच्या अंगाभोंवतीं गुंडाळलेला होता. कारण निश्चित करतां आलें नाहीं. त्याच्याइतक्या काळजीनें त्या प्रकरणाची चिकित्सा करणाराच उरला नव्हता, असें म्हणावें लागतें.

अशी चिकित्सा सोपी नसते. नातेवाईक दुःखांत, सोबती लज्जेंत, चालक खटल्याच्या धास्तींत. जो तो गप्प बसतो. म्हणून ऑस्ट्रेलियांत डॉक्टर डग्लस वॉकर यांनीं नांवें गुप्त राखून वृत्तान्त गोळा करण्याचा उपक्रम चालविला व त्यास ‘स्टिकीबीक’ म्हणजे ‘चोंबडा’ असें मिस्किल नांव दिलें. चोंबडेपणाचा इतका सदुपयोग क्वचितच झाला असेल.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आज सहकुटुंब मंडळी सुटीत प्रथमच बुडी मारतात. शिक्षक त्यांस हातीं धरून नेतो. त्यामुळें हवेचा हिशेब त्याच्याकडे राहतो. उतरणाऱ्याकडे दोनच गोष्टी उरतात. एक, श्वास कधींहि न कोंडणें. दुसरी किनाऱ्यावरच करावयाची असते: वरील छाननींत, जेथें इजा निश्चित झाली तेथें, शेंकडा २६ प्रकरणांत ती हृदयविकाराची होती. प्रश्नपत्रकांतील छातीच्या दुखण्याच्या ओळीपुढें, मुलांचा हिरमोड होईल म्हणून, पन्नाशीचे गृहस्थ ‘नाहीं’ लिहितात.